महामंडळाचे रोखे, राज्याची थकहमी: रस्त्यांच्या कर्जावर सभागृहात काय विचारायला हवे

विचारलेला प्रश्न असा: रस्त्यांसाठी महामंडळाने रोखे किंवा कर्ज काढायचे ठरवले की विधिमंडळात दर वेळी तोच वाद होतो. विरोधक म्हणतात राज्य गहाण टाकले. सरकार म्हणते कर्ज महामंडळाचे आहे, राज्यावर बोजा नाही. यात खरे कोण, आणि आकडेमोडीची सवय नसलेल्या माणसाने ते ओळखायचे कसे?

आधी थेट उत्तर देतो. रोख्यावर नाव कोणाचे छापले आहे यावरून कर्ज कोणाचे ते ठरत नाही. टोल अपुरा पडला तर हप्ता कोणत्या खात्यातून जाणार, यावरून ठरते. तो राज्याच्या तिजोरीतून जाणार असेल तर ते राज्याचेच कर्ज आहे, कागदोपत्री ते कुठेही दाखवलेले असो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. आपली सभागृहे या विषयावर चुकीच्या वेळी बोलतात. थकहमी, म्हणजे महामंडळाने हप्ता थकवला तर राज्य भरेल अशी हमी, देताना शांतता असते आणि चार-पाच वर्षांनी पुरवणी मागणी, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाची मागणी, आली की गदारोळ होतो. तोवर निवड करायला काही उरलेले नसते.

राज्य सरकार स्वतःचे कर्ज कसे काढते ते पाहिले की फरक कळतो. राज्याचे विकास कर्जरोखे रिझर्व्ह बँक विकते, लिलाव बहुतेक मंगळवारी होतात. बँकांना ठेवींचा ठरावीक भाग सरकारी रोख्यांसारख्या सुरक्षित रूपात ठेवावा लागतो, त्या वैधानिक रोखता प्रमाणासाठी हे रोखे चालतात, आणि व्याजाच्या तारखेला रिझर्व्ह बँक राज्याच्या खात्यातून रक्कम परस्पर वळती करते. पैसे बुडण्याची भीती जवळपास नसल्याने हे राज्याला मिळणारे बहुधा सर्वात स्वस्त कर्ज असते. महामंडळाच्या रोख्यांना यातले काहीच नसते. ते वैधानिक रोखता प्रमाणात धरले जात नाहीत, आपोआप वळतीची सोय नसते, म्हणून गुंतवणूकदार जादा व्याज मागतो. मागे राज्याची थकहमी असली तरी बाजाराच्या स्थितीप्रमाणे हा फरक अर्ध्या टक्क्यापासून दीड-दोन टक्क्यांपर्यंत जातो.

दीड टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, म्हणून हिशेब मांडतो. १,००० कोटींचे कर्ज, १५ वर्षे, समान वार्षिक हप्ता. व्याज ७ टक्के असेल तर हप्ता सुमारे १०९.८ कोटी. ८.५ टक्के असेल तर सुमारे १२०.४ कोटी. वर्षाला १० कोटी ६० लाखांचा फरक, पंधरा वर्षांत जवळपास १६० कोटी. हे फक्त हजार कोटींवर. रस्ता तोच, डांबर तेच, वाहने तीच.

मग सरकार महाग दारातून का जाते? कारण स्वस्त दारावर मर्यादेची कडी आहे. वित्तीय उत्तरदायित्वाच्या कायद्यानुसार राजकोषीय तूट, म्हणजे वर्षात कर्ज काढून भागवावा लागणारा खर्च, स्थूल राज्य उत्पन्नाच्या साधारण ३ टक्क्यांत ठेवायची असते. शिवाय राज्याकडे केंद्राचे कर्ज थकीत असेल तर घटनेच्या कलम २९३(३) प्रमाणे नव्या कर्जाला केंद्राची संमती लागते. महाराष्ट्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राजकोषीय तूट १,३६,२३४ कोटी दाखवली होती, म्हणजे राज्य उत्पन्नाच्या २.७६ टक्के. म्हणजे जागा शिल्लक होती ती पाव टक्क्याहून कमी. एखादा मोठा महामार्ग थेट अर्थसंकल्पातून करायचा म्हटले तर ती एका फटक्यात संपते. महामंडळाने कर्ज काढले की ते तुटीत दिसत नाही. महामंडळाच्या रोख्यांना पसंती मिळते ती मुख्यतः यामुळे. हे कारण लपवण्याजोगे नाही. मंत्र्यांनी सभागृहात ते सरळ सांगावे आणि जादा व्याजाचा आकडा सोबत ठेवावा.

आता थकहमीकडे वळू. पतसंस्थेत कोणाला जामीन राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही: कर्जदाराने हप्ते भरले तर जामीनदाराचा एक रुपयाही जात नाही, थकवले तर नोटीस जामीनदाराच्या घरी येते. राज्याची थकहमी तशीच असते. म्हणून ती ‘संभाव्य दायित्व’ म्हणून नोंदली जाते, खर्च म्हणून नाही. आणि खर्च नाही म्हणून तिच्यावर मतदान नाही. मंत्रिमंडळाची मान्यता, वित्त विभागाची सहमती, शासन निर्णय, रोखेधारकांच्या वतीने काम पाहणाऱ्या विश्वस्त कंपनीबरोबर हमीपत्र, आणि काम पूर्ण. सभागृहाला कळते ते अर्थसंकल्पाच्या विवरणपत्रांत किंवा महालेखापालांच्या वित्त लेख्यांत. वित्त लेख्यांत विवरण क्रमांक ९ मध्ये हमींचा गोषवारा असतो, क्रमांक २० मध्ये संस्थानिहाय तपशील. ही दोन विवरणे वाचल्याशिवाय कोणत्याही आमदाराने रस्त्यांच्या कर्जावर बोलू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

घटनेने विधिमंडळाला यावर हत्यार दिलेले आहे. कलम २९३(१) म्हणते की राज्याला कर्ज काढता येईल आणि हमी देता येईल ती विधिमंडळाने कायद्याने ठरवलेल्या मर्यादेत. गुजरातने १९६३ साली हमींसाठी स्वतंत्र कायदा केला, कर्नाटकने १९९९ साली, केरळने २००३ साली. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने जानेवारी २०२४ च्या अहवालात सुचवले की एका वर्षात नव्याने द्यायच्या हमी महसुली जमेच्या ५ टक्के किंवा राज्य उत्पन्नाच्या अर्धा टक्का, यांपैकी जी रक्कम कमी असेल तिच्या आत असाव्यात. महाराष्ट्राच्या २०२५-२६ च्या आकड्यांना हे लावून पाहा. महसुली जमा ५,६०,९६४ कोटी, तिचे ५ टक्के म्हणजे सुमारे २८ हजार कोटी. राज्य उत्पन्न सुमारे ४९ लाख ३९ हजार कोटी, त्याचा अर्धा टक्का म्हणजे सुमारे २४ हजार ७०० कोटी. म्हणजे सर्व महामंडळे, सूतगिरण्या, साखर कारखाने आणि वीज कंपन्या धरून एका वर्षाच्या नव्या हमी पंचवीस हजार कोटींच्या आत बसायला हव्यात. एकटा शक्तिपीठ महामार्ग २०२५ च्या आखणीत ८०२ किलोमीटरचा होता. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने त्याच्या भूसंपादन आणि नियोजनासाठीच २०,७८७ कोटींना मान्यता दिली आणि त्यातले १२ हजार कोटी हुडको या केंद्र सरकारच्या वित्त कंपनीच्या कर्जातून उभे करायचे ठरले. मर्यादा आणि भूक यांतले अंतर एवढ्यावरून कळावे.

महाराष्ट्राला या वाटेचा जुना अनुभव आहे. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ १९९६ साली स्थापन झाले. मुंबईतले उड्डाणपूल आणि मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग ही त्याची पहिली मोठी कामे, आणि पैसा मुख्यतः शासनाची थकहमी असलेल्या रोख्यांतून आला. सुमारे साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा द्रुतगती मार्ग साधारण १,६३० कोटींत झाला. खासगी कंपनीची ३,६०० कोटींची निविदा नाकारून तो सरकारी महामंडळाने बांधला, हे श्रेय कमी नाही. जे रोख्यांना सरसकट विरोध करतात त्यांनी हे लक्षात घ्यावे की दर वर्षीच्या तरतुदीतून तो रस्ता दोन दशके रखडला असता.

पण पुढचा भागही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवा. नव्वदीच्या दशकात व्याजदर दोन आकडी होते. रस्ता सुरू झाला, पण टोल आणि कर्जाचा हप्ता यांचा मेळ बसेना. २००४ साली पंधरा वर्षांचे टोलवसुलीचे हक्क एका कंपनीला देऊन ९१८ कोटी एकरकमी घेतले गेले. म्हणजे भविष्यातला टोल आज विकून जुने देणे हलके केले. २०२० साली पुन्हा तसाच करार झाला, या वेळी ८,२६२ कोटींचा, त्यातले ६,५०० कोटी सुरुवातीलाच, मुदत एप्रिल २०३० पर्यंत. दोन आकड्यांतली तफावत पाहून सोळा वर्षांपूर्वी रस्ता स्वस्तात दिला असा निष्कर्ष लगेच काढू नये. मधल्या काळात वाहने वाढली, दर तीन वर्षांनी १८ टक्के टोलवाढ झाली, व्याजदर उतरले. पण सभागृहात विचारायचा प्रश्न होताच: २००४ साली वाहनसंख्येचा कोणता अंदाज धरला होता, आणि तो सदस्यांना का दाखवला गेला नाही?

अंदाजच मुळात कसा फसतो ते एका काल्पनिक रस्त्यावर दाखवतो. वरचेच १,००० कोटींचे कर्ज घ्या, ८.५ टक्के, हप्ता १२०.४ कोटी. पहिल्या वर्षी टोल ११० कोटी, देखभाल आणि वसुलीचा खर्च २५ कोटी, हातात ८५ कोटी. तूट ३५ कोटी. प्रकल्प अहवाल म्हणतो टोल दर वर्षी १० टक्के वाढेल, खर्च ६ टक्के. तसे झाले तर तूट चार वर्षे राहते, एकूण सुमारे ८० कोटी, आणि पाचव्या वर्षापासून रस्ता स्वतःचा हप्ता भरतो. आता टोलची वाढ १० ऐवजी ६ टक्के धरा. तूट सहा वर्षे चालते, एकूण सुमारे १३० कोटी. ती भरायला काढलेल्या कर्जाचे व्याज वेगळेच. चार टक्क्यांच्या फरकाने चित्र एवढे बदलते, आणि हा फरक कोणत्याही वाहतूक सर्वेक्षणात सहज होतो. समांतर रस्ता फुकट असेल, एमआयडीसीत कारखाने उशिरा आले, जोडरस्ता अपुरा राहिला, एवढे पुरते.

तिसरी शक्यता खुद्द सरकार घडवते. महाराष्ट्रात टोलची अधिसूचना मोटार वाहन कर अधिनियम, १९५८ च्या कलम २० खाली निघते. अधिसूचना काढणारे सरकार सवलतही देते. १ जून २०१५ पासून राज्यातले १२ टोलनाके बंद झाले आणि ५३ नाक्यांवर कार, जीप आणि एसटी गाड्यांना सूट मिळाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोलमाफी झाली. लोकांना दिलासा मिळाला, आणि काही नाक्यांवर तो रास्तही होता. पण टोल हा ज्या कर्जाचा किंवा कराराचा आधार आहे तो आधार काढला की भरपाई कोणीतरी द्यायची असते. एक तर तिजोरी देते, नाहीतर मुदत वाढवून पुढचे वाहनचालक देतात. टोलमाफीची घोषणा सभागृहात होते तेव्हा बाके वाजतात. त्याच दिवशी भरपाईचा आकडा, तो कोणत्या लेखाशीर्षाखाली येणार आणि किती वर्षे, हे पटलावर ठेवायला लावले पाहिजे. कोल्हापूरच्या टोल आंदोलनानंतरही नाके हटले आणि कंत्राटदाराची भरपाई सरकारी पैशातून करावी लागली.

रोख्याच्या अटींत एक कलम असे असते की ज्याकडे चर्चेत कोणी बघत नाही: मुदतीआधी फेड करण्याचा हक्क कोणाला? तो महामंडळाला असेल तर व्याजदर उतरल्यावर जुना महाग रोखा फेडून नवा स्वस्त काढता येतो. गुंतवणूकदाराला असेल तर दर चढल्यावर तो पैसे परत मागतो, नेमके तेव्हाच जेव्हा नवे कर्ज महाग असते. गुजरातच्या सरदार सरोवर नर्मदा निगमने १९९३ साली ३,६०० रुपयांना विकलेले रोखे २० वर्षांनी १,११,००० रुपये देणार होते. हा दर वर्षाला साधारण १८.७ टक्के पडतो. पुढे दर निम्म्यावर आले तेव्हा निगमला बाहेर पडायचे होते. अखेर २००८ साली गुजरात विधानसभेने कायदा करून मुदतीआधी फेड करण्याचा अधिकार निगमला दिला आणि २००९ मध्ये ५०,००० रुपये देऊन रोखे परत घेतले. तिजोरीचे पैसे वाचले, पण करार झाल्यावर कायद्याने तो बदलला गेल्याने छोटे गुंतवणूकदार कोर्टात गेले. ते रोखे धरणाचे होते, धडा रस्त्यांच्या रोख्यांनाही तसाच लागू आहे. आपल्याकडे त्याच काळात कृष्णा खोरे महामंडळाच्या रोख्यांचा भार शेवटी राज्याच्या अर्थसंकल्पावरच आला.

या विषयावर देशात अलीकडे झालेली सर्वात धारदार चर्चा केरळ विधानसभेतली. तिथे ‘किफबी’ हे पायाभूत सुविधा गुंतवणूक निधी मंडळ १९९९ च्या कायद्याने स्थापन झाले आणि २०१६ साली कायदा बदलून त्याला बळ दिले गेले. मोटार वाहन करातला वाढत जाऊन निम्म्यापर्यंत पोचणारा वाटा आणि पेट्रोलवरचा लिटरमागे एक रुपया उपकर त्याला मिळतो. त्या जोरावर ते कर्ज काढते. डोंगरी महामार्ग, किनारी महामार्ग, पूल, शाळा, रुग्णालये अशी कामे त्यातून झाली. राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या भूसंपादनाचा राज्याचा २५ टक्के वाटा, सुमारे ५,५८० कोटी, त्यातूनच गेला. २०१९ साली किफबीने लंडनच्या बाजारात २,१५० कोटींचे मसाला बाँड, म्हणजे परदेशात विकलेले रुपयांतले रोखे, ९.७२३ टक्क्यांनी विकले. त्या सुमारास राज्यांच्या दहा वर्षांच्या रोख्यांचे दर आठ टक्क्यांच्या आसपास होते.

कॅगने आपल्या अहवालात म्हटले की ही कर्जे कलम २९३(१) च्या मर्यादेला बगल देतात, त्यांची फेड राज्याच्या करांतूनच होणार असल्याने ती थेट दायित्वे आहेत, आणि परदेशी कर्ज हा केंद्राचा विषय आहे. जानेवारी २०२१ मध्ये त्यावर विधानसभेत स्थगन प्रस्तावावर चर्चा झाली. विरोधी बाकांवरचे काँग्रेस आमदार व्ही. डी. सतीशन यांचा मुद्दा होता की कराचा वाटा कायद्याने बांधून दिला असेल तर त्याला संभाव्य दायित्व म्हणणे ही फसवणूक आहे. अर्थमंत्री थॉमस आयझॅक यांची बाजू अशी की किफबी स्वतंत्र संस्था आहे, रिझर्व्ह बँकेची परवानगी घेतली आहे, आणि केंद्र सरकार राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडून हेच करून घेते तेव्हा कोणी आक्षेप घेत नाही. २२ जानेवारी २०२१ रोजी सभागृहाने ठराव करून कॅग अहवालातला किफबीवरचा भाग फेटाळला.

माझ्या मते हिशेबाच्या बाजूने सतीशन यांचा मुद्दा बरोबर होता. टोल येत नाही आणि हप्ता करातून जातो, तिथे ‘संभाव्य’ असे काही राहत नाही. पण आयझॅक यांचा केंद्राबद्दलचा आक्षेपही खरा होता. महामार्ग प्राधिकरणाचे कर्ज मार्च २०२२ अखेर सुमारे ३ लाख ४९ हजार कोटींवर गेले होते. केंद्राने २०२२-२३ पासून प्राधिकरणाला बाजारातून नवे कर्ज घेणे थांबवायला लावले आणि अर्थसंकल्पातली तरतूद जवळपास दुप्पट करून १ लाख ३४ हजार कोटींवर नेली. म्हणजे केंद्राने स्वतःच मान्य केले की ते कर्ज सरकारचेच होते. ठराव करून लेखापरीक्षकाची पाने फेटाळणे मात्र चुकीचे पाऊल होते. अहवाल लोकलेखा समितीकडे जातो, तिथे खात्याला आकड्यांनिशी उत्तर देता येते.

या वादाची झळ पुढे सगळ्याच राज्यांना लागली. मार्च २०२२ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने राज्यांना कळवले की ज्या कर्जाचे मुद्दल किंवा व्याज राज्याच्या अर्थसंकल्पातून किंवा बांधून दिलेल्या करांतून जाते, ते राज्याचेच कर्ज धरून वार्षिक मर्यादेतून वजा केले जाईल. केरळ सर्वोच्च न्यायालयात गेले. १ एप्रिल २०२४ रोजी न्यायालयाने अंतरिम दिलासा नाकारला आणि कलम २९३ चा अर्थ लावण्यासाठी प्रकरण पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे सोपवले. महाराष्ट्रासाठी याचा अर्थ सरळ आहे. महामंडळाचा हप्ता तिजोरीतून जायला लागला की मर्यादा वाचवण्याचा फायदाही जातो, आणि जादा व्याज तेवढे मागे उरते.

सभागृहाच्या कामकाजात एक विसंगतीही आहे. राज्याच्या स्वतःच्या कर्जावरचे व्याज घटनेच्या कलम २०२ प्रमाणे भारित खर्च असते, त्यावर चर्चा होते पण मतदान नाही. महामंडळाचा हप्ता भरायला दिलेली मदत मात्र दत्तमत खर्च असते, पुरवणी मागण्यांत येते आणि तिच्यावर मतदान होते. वरवर पाहता सभागृहाचा अधिकार इथे मोठा आहे. प्रत्यक्षात ती मागणी नाकारली तर हमी वठवली जाते, म्हणजे रोखेधारक थेट राज्याकडे पैसे मागतात, पतमानांकन घसरते आणि राज्याच्या सगळ्याच महामंडळांचे कर्ज महागते. म्हणून सदस्य ती मंजूर करतात. ही मदत कोणत्या नावाने येते तेही पाहावे. अनुदान म्हणून आली तर महसुली तुटीत दिसते. भागभांडवल म्हणून आली तर भांडवली खर्चात जाते, आणि व्याज भरायला दिलेला पैसा कागदावर गुंतवणूक ठरतो. कॅगने अनेक राज्यांत यावर बोट ठेवले आहे. रस्त्यांचा भांडवली खर्च लेखाशीर्ष ५०५४ खाली येतो. तिथल्या भागभांडवलाच्या ओळीपुढे रस्त्याचे किती किलोमीटर झाले हे विचारले की उत्तर देणाऱ्याची पंचाईत होते.

थकहमीचा प्रस्ताव येतो तेव्हाच मागायची कागदपत्रे फार नाहीत. पतमानांकन संस्थेचे टिपण संकेतस्थळावर फुकट मिळते. त्यात मानांकनापुढे ‘सीई’ ही अक्षरे असतील तर ते बाहेरच्या आधारावर मिळालेले मानांकन आहे, म्हणजे बहुधा राज्याच्या हमीवर. आधार काढल्यावरचे मानांकनही त्याच टिपणात दिलेले असते. या दोनांतला फरक म्हणजे राज्य प्रत्यक्षात किती जोखीम उचलते आहे त्याचे मोजमाप. दुसरे, खासगी वाटपाचे माहितीपत्रक, ज्यात फेडीचे वेळापत्रक असते. सगळे मुद्दल एकाच वर्षी फेडायचे असेल तर त्या वर्षी नवे कर्ज काढूनच ते फिटणार हे समजून चालावे. तिसरे, एस्क्रो खात्याचा करार, म्हणजे टोल ज्यात जमा होऊन ठरल्या क्रमाने वाटला जातो त्या खात्याचा. टोल आधी कुठे जातो, देखभालीला की व्याजाला, आणि दोन तिमाहींच्या व्याजाएवढी राखीव रक्कम ठेवली आहे का. हप्त्याच्या तारखेआधी किती दिवस विश्वस्त सरकारला कळवतो, ही ओळ कंटाळवाणी वाटते, पण पैसा असूनही फाईल वित्त विभागात वेळेत पोचली नाही म्हणून हप्ता चुकू शकतो. सूचिबद्ध रोख्यांचा पैसा कुठे वापरला याचे विवरण दर तिमाहीला शेअर बाजाराला द्यावे लागते. एका रस्त्यासाठी उभे केलेले पैसे दुसऱ्या रस्त्याच्या बिलांत गेले का, हे तिथून पकडता येते.

रोखे केव्हा काढले यालाही फार महत्त्व आहे. रोख्यांचा पैसा एकदम हातात येतो, रस्त्याचे काम तीन-चार वर्षे चालते. मधल्या काळात पैसा कमी दराच्या ठेवीत पडून राहतो आणि व्याज पूर्ण रकमेवर चालू असते. त्यात जमीन ताब्यात आलेली नसेल तर हजार कोटींवर एक वर्षाचा उशीर म्हणजे ८.५ टक्क्यांनी ८५ कोटी, एकही खडी न टाकता. म्हणून बांधकामाच्या काळात गरजेप्रमाणे उचलता येणारे बँकेचे कर्ज बरे, आणि रस्ता सुरू होऊन दोन-तीन वर्षांचा टोलचा इतिहास हातात आला की रोखे काढून ते महाग कर्ज फेडावे. तेव्हा दरही कमी मिळतो आणि हमीची गरजही घटते. निदान ८० ते ९० टक्के जमीन ताब्यात आल्याशिवाय भूसंपादनाच्या पुढचे कर्ज उचलू नये, ही अट हमीपत्रातच घालता येते.

रोखे नाकारून दुसरे मार्ग घेतले तर कर्ज टळते असेही कोणी समजू नये. संमिश्र वार्षिकी पद्धतीत केंद्रीय नमुन्यात सरकार ४० टक्के रक्कम बांधकाम चालू असताना देते आणि उरलेले ६० टक्के १५ वर्षांच्या हप्त्यांत, व्याजासह. तो हप्ता चुकवता येत नाही, म्हणजे तेही कर्जच. कंत्राटदारांची थकलेली बिले हेसुद्धा बिनव्याजी दिसणारे कर्ज आहे, ज्याची किंमत पुढच्या निविदांच्या वाढीव दरांत वसूल होते. म्हणून महामंडळाची एकूण देणी मोजताना रोखे, बँकांची कर्जे, वार्षिकीचे उरलेले हप्ते आणि थकीत बिले एकाच तक्त्यात मागावीत, पुढच्या दहा वर्षांसाठी वर्षनिहाय, आणि शेजारी त्या त्या वर्षीचा अपेक्षित टोल. हा तक्ता सार्वजनिक उपक्रम समितीला मागवता येतो, महामंडळ सरकारी मालकीचे असल्याने माहिती अधिकारात नागरिकालाही. तक्त्यात सवलतीआधीचा टोल धरला आहे की नंतरचा, एवढे पहिल्या ओळीत लिहून घ्यावे.